भिंतीवरची कोंबडी

खुराडं झाडून सासूबाईंवर छाप पाडावी म्हणून जावईबापू पुढे सरसावले, आणि त्यांचा बूट नेमका म्हाताऱ्या कोंबडीच्या पायावर पडला. आधीच आजारी, त्यात आता लंगडी! शिवणकाम करणाऱ्या सासूबाईंनी जावयाला नजरेनेच उभं चिरलं आणि अस्तराची पट्टी काढून कोंबडीचा पाय बांधला.

भिंतीपलीकडून त्यांच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अंडी देत नाही, आता चालतही नाही. कापून मोकळी हो बाई! म्हातारी कोंबडी काय नि म्हातारं माणूस काय, ठेवून उपयोग काय?" हे म्हणताना त्या बघत मात्र होत्या सासूबाईंकडे.

झालं! कोंबडीचं नशीब फळफळलं. इस्त्रीने तापवलेल्या फडक्याचा शेक, चमच्याने मऊ भात, शिवणयंत्राशेजारी उशी. रोज सकाळी सासूबाई तिला भिंतीवर धरून हाळी देत, "जाऊबाई, अजून आहोत बरं का आम्ही दोघी!" पलीकडची खिडकी धाडकन आपटली, की मगच त्यांना चहा गोड लागे.

जावईबापू गहिवरले. "आई, मुक्या जिवावर केवढी माया तुमची!"

"माया गेली खड्ड्यात, हिने जाऊबाईंच्या आधी मरायचं नाही."