समोरच्या शेडचा चहा

बडोद्यात मी आज टिकून आहे तो आमच्या शेडमधल्या तपासणीवाल्या काकांमुळे. आणि त्यांच्याइतकं मनापासून वैर पाळणारा माणूस या गावात दुसरा नसेल. आमची शेड एका खाजगी रॉकेट कंपनीच्या झडपा बनवायची, रस्त्यापलीकडची शेड तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या. सरकारचे आणि लष्कराचे उपग्रह कोण वर नेणार, ही चढाओढ त्या दोन कंपन्यांची. पण लढत होते काका. पूर्वज गायकवाडी फौजेतले, त्याला ते तरी काय करणार! समोरच्या शेडच्या सावलीतून ते स्कूटरसुद्धा नेत नसत. चहाची गाडी आधी तिकडे थांबली, की त्या दिवशी चहा बंद. "दीकरा, शत्रूच्या किटलीतलं उरलंसुरलं मी पिऊ?" सुभानपुऱ्याच्या घरी काकूंचे थेपलेही ते मायक्रोमीटरने मोजून खात. मी नववीत शाळा सोडून जालन्याहून आलेला. माझ्याकडून घासताना एखादी झडप केसभर जाड राहायची. काका ती गुपचूप बाजूला सारत. "थेपला केलास याचा. परत घास." मालकांपर्यंत गोष्ट कधी गेली नाही.

मात्र समोरच्यांचं रॉकेट उडायचं त्या सकाळी काका ते सुखरूप वर जाईपर्यंत उपाशी राहत. "पडलं तर आपलं बरंच की," मी एकदा बोलून गेलो. काका भडकले. "त्यातही कुणीतरी डोळे फोडून काम केलंय! हरवायचं ते इथे, तपासणीच्या टेबलावर."

यंदा लष्कराचं काम समोरच्या कंपनीला गेलं. आमची यंत्रं एकेक करून थांबली, आणि मालकांनी सगळ्यांना कामावरून रजा दिली. माझ्याकडे दहावीचाही कागद नाही. मी गावची पिशवी भरली. दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन चक्क रस्ता ओलांडून गेले. तिथले साहेब उठून उभे राहिले. "आवो काका, बेसो. तपासणीची एक जागा आहे, तुमच्यासाठीच ठेवलीय."

"मला या वयात तुमचं मीठ पचायचं नाही. याला घ्या."

"शिकलाय किती?"

"माझ्या हाताखाली चार वर्षं."

साहेबांनी चहा मागवला. काकांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

आता समोरच्या शेडमध्ये तपासणीला मी असतो, काका घरीच असतात. रविवारी मी जातो. थेपला मोजताना बारीक रेघा आता त्यांना नीट दिसत नाहीत, म्हणून आकडा मी वाचतो. तिकडचं ते काही विचारत नाहीत. आमच्या शेडला कुलूप आहे. ते ज्या दिवशी निघेल, त्या दिवशी सगळ्यांत आधी मी रस्ता ओलांडून परत येईन, काकांना त्यांच्या खुर्चीवर बसवीन, आणि समोरच्यांना हरवीन. तिथेच, टेबलावर.