वायरलेसवर ऐकलेलं

पुण्याच्या एका दैनिकाची भोर-वेल्ह्याची वार्ताहर मी झाले, ती माझ्या नवऱ्यामुळे. आधीचे वार्ताहर यांच्याच शाळेत शिक्षक होते. बदली झाली तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला गळ घातली. हे म्हणाले, "मला कुठला वेळ? हिला विचारा. हिचं अक्षरही माझ्यापेक्षा बरं आहे." अशी अक्षरावर मला बातमीदारी मिळाली. मुलगी शाळेत गेली की मी बातमी लिहायची आणि चौकातल्या एसटीडी बूथवरून फॅक्स करायची. शाळेचं स्नेहसंमेलन, पतसंस्थेची सभा, वेल्ह्याकडे बिबट्या दिसल्याची चर्चा, असलं सगळं छापून यायचं. अपघात किंवा चोरीची बातमी मात्र मला नेहमी उशिरा कळायची. पुण्याहून फोन यायचा, "ताई, तुमच्याकडची बातमी आम्ही दुसऱ्या पेपरात वाचायची का?"

पोलीस ठाण्यात जाऊन विचारलं, तर तिथले हवालदार म्हणायचे, "काही विशेष नाही, मॅडम." बाहेर आवारात चेपलेली जीप उभी असायची आणि आत काही विशेष नसायचं.

त्याच सुमारास माझा टेपरेकॉर्डर बिघडला. बाजारपेठेच्या वरच्या अंगाला, चढावर, एका चाचांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. साठीचे असतील. दुकानाच्या मागेच घर, आणि छपरावर लोखंडी पाइपाला बांधलेला उंच अँटेना. सगळं भोर त्यांना चाचाच म्हणायचं. मी टेपरेकॉर्डर द्यायला गेले, तेव्हा फळीवरच्या एका उघड्या रेडिओतून खरखर येत होती आणि त्यात एक माणूस वैतागून सांगत होता, की बंदोबस्ताला आलेल्या लोकांना सकाळपासून चहासुद्धा मिळालेला नाही.

"हे कुठलं स्टेशन, चाचा?"

त्यांनी आधी आवाज बारीक केला. मग हसून म्हणाले, "हे पोलीस स्टेशन, ताई."

साधा एफएम रेडिओ होता तो. त्यातल्या तारेचे वेढे त्यांनी विरळ केले होते. तेवढ्याने काटा गाण्यांच्या पलीकडे सरकला आणि पोलिसांच्या वायरलेसवर जाऊन थांबला. मुद्दाम केलं नव्हतं, एक सेट दुरुस्त करताना झालं, असं ते म्हणाले. मला ते पूर्ण खरं वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डरची चौकशी करायच्या निमित्ताने मी परत गेले, आणि तिसऱ्या दिवशी निमित्तही काढलं नाही. त्यांनी माझ्यासाठी एक स्टूल पुसून ठेवलं होतं.

"दोन गोष्टी सांगतो," चाचा म्हणाले. "हे कायद्यात बसत न्हाई, तवा माझं नाव कुठं घ्यायचं न्हाई. आन् ऐकलं तसं लिहायचं न्हाई. आधी जागेवर जाऊन बघायचं."

मी दोन्ही कबूल केलं. मग रोज अकरा ते एक मी तिथं बसायला लागले. ते सोल्डरिंग करायचे, मी मुलीचा स्वेटर विणायची आणि रेडिओ खरखरत राहायचा. बहुतेक वेळ काहीच नसायचं. कुणाचा तरी रजेचा अर्ज, कुठल्या तरी साहेबांची गाडी कुठपर्यंत आली त्याची चौकशी. पण मधूनच ट्रक उलटायचा, कुणाचं खोपटं जळायचं. मग मी पदर खोचून एसटीने किंवा सीटमागे पैसे घेणाऱ्या वडापच्या जीपने तिथं जायची. महिन्याभरात पुण्याहून येणाऱ्या फोनचा सूर बदलला. "ताई, तुम्हाला कळतं तरी कसं?" मी सांगायची, "ओळखी आहेत." मला त्याचा अभिमान वाटायचा, हे लपवत नाही.

तो अभिमान एका बाजाराच्या दिवशी उतरला. हायवेवर कामथडीजवळ सायकलवाल्याला ट्रकने उडवल्याचं वायरलेसवर आलं. माणूस जागीच गेला होता. थोड्या वेळाने त्याचं नाव सांगितलं, मग गाव. मी कागदावर उतरवलं आणि हात थांबला. त्या नावाच्या माणसाला मी ओळखत होते. दर आठवड्याला तो बायकोच्या भाजीच्या पाट्या टेम्पोतून उतरवून द्यायचा आणि परत जायचा. त्याची बायको आत्ता खाली बाजारात बसलेली होती.

मी उठून बाजारात गेले. का गेले ते मला माहीत नव्हतं. ती नेहमीच्या जागी होती. मला बघून म्हणाली, "या ताई. आज घेवडा लई कवळा हाय बघा." तिने तराजूत घेवडा टाकला, वर एक मूठ जास्त टाकली. मी पिशवी पुढे केली. मी कोण सांगणारी, आणि नाव चुकीचं निघालं तर? तिने विचारलं, "बरं न्हाई का वाटत?" मी मान हलवली आणि तिथून निघाले. कोपऱ्यावर पोचते तोच दोन माणसं तिला शोधत आली. मागून तिचा आवाज ऐकू आला. मी वळून बघितलं नाही.

ती बातमी मी पाठवली नाही. चाचांना बाजारातलं सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातली पकड खाली ठेवली. मग म्हणाले, "ते बोलणं तिच्याकडं निघालं हुतं, ताई. आपण मधीच ऐकलं." दोन दिवस त्यांनी तो सेट लावला नाही. तिसऱ्या दिवशी लावला. मीही जाऊन बसले. सवय म्हणा, दुसरं काय.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भारनियमनाचे दिवस होते. सकाळी वीज जायची ती दुपारी यायची. डोंगरावरच्या टॉवरमधून पोलिसांचं बोलणं इकडून तिकडे जायचं. त्या दिवशी तिथली बॅटरीही उतरली असावी, कारण सकाळपासून वायरलेसवर ज्याला त्याला "आवाज तुटतोय" एवढंच म्हणावं लागत होतं. चाचांचा सेट सेलवर चालू होता. अकराच्या पुढे एक आवाज आला.

"वेल्हा टू भोर. वेल्हा टू भोर. रिसीव्ह होतंय का?"

उत्तर नाही. तो परत तेच म्हणाला. मग ऐकणारं कुणी आहे की नाही हे न बघताच सांगायला लागला. राजगडावर शाळेची सहल आली होती. आग्या मोहोळाच्या माश्या उठल्या. वीस-बावीस पोरांना चावल्या, दोन पोरी बेशुद्ध आहेत. गुंजवण्यातून टेम्पोत घालून पोरांना हायवेकडे काढलंय. वेल्ह्याचे फोनही बंद आहेत. डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स कापूरहोळला पाठवा.

लगेच दुसरा आवाज आला. हा भोरचा होता, जवळचा आणि स्पष्ट. तो कुणाला तरी विचारत होता, की दुपारचा डबा आणायला कोण गेलंय.

"ह्याला ऐकू गेलं न्हाई," चाचा म्हणाले. "मधी डोंगर हाय. आपला पाइप उंच, म्हणून आपल्याला येतंय."

वेल्ह्याचा माणूस परत सुरुवातीपासून सांगू लागला. त्याचा आवाज चढला होता. मी सगळं कागदावर लिहून घेतलं आणि समोरच्या बूथवरून ठाण्याला फोन लावला.

"राजगडावर माश्या चावल्यात पोरांना, ॲम्ब्युलन्स कापूरहोळला पाठवा," मी एका दमात म्हणाले.

"कोण बोलतंय? कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी फोन ठेवून दिला. ठेवल्यावर माझं मलाच कळलं, की नाव न सांगता केलेल्या अशा फोनवर कुणी गाडी पाठवत नसतं. परत आले तर चाचांनी सेटचं झाकण लावलं होतं आणि तो कापडी पिशवीत घालत होते.

"चला," ते म्हणाले.

"चाचा, कसं कळलं म्हणून विचारतील. हे सगळं बाहेर येईल."

"येऊ द्या. वीस पोरं हायती."

दुकान उघडंच टाकून आम्ही निघालो. उन्हात उतार उतरताना त्यांचा श्वास फुलत होता, पण ते थांबले नाहीत. ठाण्यात साहेब नवीन आलेले होते, तिशीतले. चाचांनी टेबलावर रेडिओ ठेवला आणि म्हणाले, "साहेब, ह्याच्यावर तुमचं बोलणं ऐकू येतं. वेल्ह्याहून कवापासून हाका मारतायत, त्या तुमच्यापर्यंत येत न्हाईत. गुन्हा लिवायचा तर मागनं लिवा. आधी गाडी पाठवा."

मी कागद पुढे केला. साहेबांनी रेडिओकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कागद वाचला आणि दवाखान्याला फोन लावला. "आत्ता एक निनावी फोन आला होता तो हाच का?" त्यांनी हवालदारांना विचारलं. हवालदार माझ्याकडे बघत राहिले. मी खाली मान घातली. पाच मिनिटांत ॲम्ब्युलन्स बाजारातून भोंगा वाजवत गेली. मागून पोलिसांची जीप गेली.

"तुम्ही दोघं इथंच बसा," साहेब म्हणाले.

बाकावर आम्ही दोन तास बसलो. चाचांनी एकदा पाणी मागितलं. मी शाळेतून मुलीला आणायला शेजारणीला निरोप पाठवला. दोनच्या सुमारास फोन आला. कापूरहोळच्या फाट्यावर टेम्पो पोचायच्या थोडंच आधी ॲम्ब्युलन्स पोचली होती. डॉक्टरांनी तिथंच, एका गॅरेजच्या सावलीत, दोन्ही पोरींना इंजेक्शनं दिली आणि त्यांना तसंच पुढे पुण्याला नेलं. बाकीची पोरं भोरला येत होती. साहेबांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली. "दोघीही शुद्धीवर आहेत," ते म्हणाले. चाचांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. मला रडू आलं आणि त्याची लाज वाटली नाही.

रेडिओ मात्र साहेबांनी ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच तो घेऊन दुकानात आले. चाचांना वाटलं, आता पंचनामा. साहेब म्हणाले, "लावा बघू." पाच मिनिटं ते माझ्या स्टुलावर बसून आपल्याच ठाण्याचं बोलणं ऐकत होते. मध्येच एक शिपाई त्यांच्याबद्दल काहीतरी बोलला, तेव्हा त्यांना हसू आवरेना. मग उठले. "वेढे होते तसे करा. माझ्यासमोर." चाचांनी सोल्डरिंगचं आयर्न गरम केलं आणि पाच-सात मिनिटांत रेडिओवर गाणी लागली. साहेबांनी कसली केस केली नाही. मला म्हणाले, "काही विचारायचं असेल, तर रोज अकराला ठाण्यात या. खरं ते सांगायला सांगतो."

पुण्याहून त्याआधीच फोन आला होता. राजगडाची बातमी दुसऱ्या पेपरात पहिल्या पानावर होती. त्या वेळी मी ठाण्यात होते, एवढं मी सांगितलं. "तुम्ही ठाण्यातच होता ना, ताई? मग एक फोन नाही करता आला?" खरंच, त्या दोन तासांत मला पेपरची आठवणच झाली नव्हती. मी तसं सांगितलं.

आठवड्याभराने मी गुंजवण्याला गेले. सहलीतल्या एका शिक्षकाने भोरच्या दवाखान्यात सांगितलं होतं, की एका धनगर बाईने पोरांना वाचवलं. तिचं खोपटं गावाच्या वरच्या अंगाला होतं. शेळ्या नुकत्याच आत घेतलेल्या, दारात धुराचा वास. तिच्या एका डोळ्याची सूज अजून उतरली नव्हती. मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "म्या काय केलं? पोरी खाली पळत आल्या. दोघींवर घोंगडं टाकलं आन् वर बसले. धन्यानं पाचोळा पेटवला."

"तुम्हाला किती चावल्या?"

"मोजतंय कोण." मग तिने मला विचारलं, "त्या पोरी बऱ्या हायत का? त्यातली एक माझ्या हाताला धरूनच बसली हुती."

मी सांगितलं, की दोघीही घरी गेल्या. तिला आठ दिवसांत हे कुणी कळवलं नव्हतं. मग ती आत गेली आणि माझ्यासाठी तांब्याभर ताक घेऊन आली. मी दुपारभर तिच्या दारात बसले आणि पहिल्यापासून सगळं तिच्याकडून ऐकून घेतलं.