नामदेवच्या खोलीतला वारा

कतारमध्ये थंडी पडत नाही असं म्हणणाऱ्या माणसाला मी जानेवारीत बिरकत अल अवामेरच्या कामगार-कॅम्पात झोपायला पाठवीन.

आमच्या कंपनीचा ड्रायव्हर नामदेव, साताऱ्याकडचा, तिथंच पत्र्याच्या केबिनमध्ये तापानं फणफणला होता. "वारा लागू देऊ नका," डॉक्टरनं बजावलेलं. आणि केबिनमध्ये वाऱ्याशिवाय होतं काय? दाराला फटी, एसी दुरुस्तीला गेलेला, त्याच्या भोकाला नुसता पुठ्ठा! माझा जीव कळवळला. शुक्रवारी घरचा हीटर आणि कंपनीच्या दुकानातले फोमचे डबे घेऊन मी निघालो. (फटीत फवारला की फुगतो आणि घट्ट बसतो, एवढंच मला ठाऊक. मी तिथला कारकून!)

"अहो, तुम्हाला घरात खिळा ठोकता येत नाही," शबाना, माझी बायको, म्हणाली.

"तू गाडीत बस. बघ गंमत!"

केबिनवर पोचताच नामदेवचे दोन सोबती पुढं आले. "इसाकभाई, आम्ही करतो की."

"छे! सुट्टीच्या दिवशी तुम्ही आराम करा."

पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? बिचाऱ्यांनी बाहेरच्या किचनमधून चहा करून आणला. मला हुरूप आला. दार लावून चारी बाजूंनी फवारलं. फोम फुगला, मी आणखी फवारलं! हीटरच्या उबेत नामदेव हसला. "लई बरं वाटतंय, भाई."

"यल्ला, चला, निघतो!" चहा संपवून मी कडी ओढली. दार हलेना. तिघांनी ओढली. कडी हातात आली!

"सुरी आणा!"

"भाई, किचन बाहेर आहे."

उरलं एसीचं भोक. पुठ्ठा काढताच गार वारा भस्सकन आत शिरला आणि नामदेव कुडकुडायला लागला. सोबती सडपातळ होते, पण चूक माझी, म्हणून आधी मी! डोकं गेलं, खांदे गेले, पोट अडकलं. खलास!

शबाना गाडीतून उतरून धावत आली. "अहो, हे काय?"

"दार बंद झालंय."

"कुणी केलं?"

"मीच."

ती हसून हसून खाली बसली. "थांबा, माणसं बोलावते."

"लवकर गं!"

तेवढ्यात आतून नामदेवचा आवाज आला, "वहिनी, सावकाश! भाई अडकल्यापासून वारा एकदम बंद झालाय!"

शबानाच्या बिर्याणीनं वाढलेलं माझं पोट आयुष्यात पहिल्यांदाच कुणा गरजूच्या कामी आलं होतं.