बाटलीतलं हिरवं पाणी

वरोरा भागातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. इतकी वर्षं झाली, पण त्या सकाळचा तळ्यावरचा वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. नव्वदच्या दशकाची अखेर होती आणि पावसाळा सुरू होऊन महिना झाला होता. तळ्याच्या काठाला मेलेल्या माशांचा पांढरा थर लागला होता. तळं ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, सोसायटीने ठेक्याने घेतलेलं, साऱ्या मोहल्ल्याचं पोट त्यावर. पाण्यात कोणीतरी जहर टाकलं, अशी फिर्याद सोसायटीच्या अध्यक्षांनी तिथेच चिखलात उभं राहून दिली.

पंचनामा उरकेपर्यंत खबऱ्याने नाव आणलं. भांडणापायी सोसायटीतून काढलेला एक ढिवर आदल्या संध्याकाळी हातात बाटली घेऊन काठावर वाकलेला दिसला होता. तासाभरात मी त्याला उचललं. वैर होतं, संधी होती, बाटलीही होती. पोलिसाला आणखी काय लागतं?

चौकशीत तो एकच गोष्ट सांगत राहिला. पाणी आठवडाभर हिरवं पडत होतं, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत होते, म्हणून अध्यक्षांना दाखवायला त्याने बाटलीत पाणी भरलं; पण त्यांनी दारातूनच हाकललं. मला ती थाप वाटली. अध्यक्षांना साधं विचारण्याचीही तसदी मी घेतली नाही. सगळा जोर लावून त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. कानातून रक्त आलं.

तरी तो म्हणाला, “साहेब, ज्या पाण्यानं माह्या बापाले पोसलं, त्यात मी जहर काऊन टाकू?”

स्टेशन डायरीत त्या थपडेचा उल्लेख मी केला नाही.

तो तुरुंगात असतानाच नागपूरच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. पाण्यात विष नव्हतं, माशांतही नव्हतं. त्याच आठवड्यात बाजाराजवळ लेथ चालवणारे एक वयस्कर मुसलमान कारागीर ठाण्यात आले. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांच्या दुकानामागून जाणारा बाजाराचा नाला थेट तळ्यात उतरायचा.

“साहेब, आदमी धरून काय होईन?” ते म्हणाले. “नाल्यानं वरतं जाऊन पाहा.”

गेलो. खताच्या गोदामांमागे हमाल आणि बायका युरियाची, डीएपीची रिकामी पोती नाल्यावर धूत बसले होते. आमच्या भागात खताचं पोतं कोणी फेकत नाही. धुऊन वाळवून त्यात सोयाबीन भरतात. माझ्या घरीही तेच चालायचं, म्हणून ते कधी नजरेत आलंच नाही. गोदामाच्या ओट्यावर सांडलेलं खत पावसासोबत वाहायचं, ते वेगळंच. मत्स्य खात्याच्या माणसाने मला समजावलं, की खताने पाण्यात शेवाळ माजतं, ढगाळ दिवसांत तेच पाण्यातली हवा खातं आणि मासे पहाटे गुदमरतात. म्हणजे आरोपी जे सांगत होता, अगदी तेच.

तो सुटला. डावा कान मात्र कायमचा गेला. तेव्हापासून आरोपीची अशक्य वाटणारी गोष्ट मी आधी तपासून पाहू लागलो. पण ही अक्कल मला दुसऱ्याच्या कानाच्या मोलाने आली, याची लाज अजून वाटते.

पोती धुणं बंद करता आलं, पण पावसाचं पाणी कसं अडवणार? नाला आणि रस्ता यांच्यामध्ये जेमतेम तीन हात जागा होती. गाळाचं मोठं टाकं तिथे मावेना. चंद्रपूरच्या एका प्राध्यापकांनी नाल्याचं पाणी ज्यातून झिरपत तळ्यात जाईल असा अरुंद, खोल चर सुचवला. तळाशी कायम पाण्यात बुडालेला आरागिरणीतला लाकडाचा चुरा, त्यावर लोखंडाचा कीस मिसळलेली वाळू, आणि वर पाणकणीस हे पाणथळीतलं उंच गवत. लोखंड खतातलं स्फुरद धरून ठेवतं आणि चुऱ्यातले जंतू नत्र हवेत सोडून देतात, असं ते म्हणाले. कीस चाचांनी आपल्या लेथवरचा दिला.

चर खणायला सोसायटीचे लोक आले, त्यांच्यासोबत तोही आला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. फार कष्टाने म्हणालो, “भाऊ, माझं चुकलं. मला माफ कर.”

कुदळ थांबली नाही. जरा वेळाने त्याला माझी सावली दिसली असावी. त्याने मान वळवली.

“काई म्हटलं का, साहेब? इकडून बोला. त्या कानानं नाई ऐकू येत.”

मी उजव्या बाजूला गेलो. पुन्हा तेच म्हणायची हिंमत झाली नाही.

“पाऊस येईल असं म्हटलं,” मी म्हणालो.

त्याने स्वच्छ आभाळाकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खणायला लागला.