वरच्या काकांनी पसंत केलेला लॅपटॉप

जुनी वस्तू पारखण्यात आमच्या वरच्या काकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर काका त्यालाही आधी दोन ठिकाणी ठोकून बघतील. वरचे काका म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे. पाटबंधारे खात्यात ते ट्रेसर होते. धरणांच्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून रेघ न् रेघ शाईनं उतरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. एकदा शेजारच्या गल्लीतल्या कुणीतरी त्यांना जुनी सायकल बघायला नेलं. काकांनी ती उलटी केली, चाकं फिरवून अर्धा तास कान लावून बसले, आणि सांगितलं मालकालाच, "विकू नका, चांगली हाय." सौदा अर्थातच मोडला.

दुष्काळाची वर्षं होती ती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि शहराच्या कडेला, गारखेड्याच्या पलीकडं मात्र रोज नवे प्लॉट पडत होते. प्यायला पाणी नाही, पण घर बांधायला माणसं रांगेत! माझी बायको घरांचे नकाशे काढायची, त्यामुळं तिला काम भरपूर. पण आमच्या इवल्याशा लॅपटॉपवर बारीक रेघा बघून बघून दुपारपासूनच तिचं डोकं ठणकायचं. दोन नकाशांत मापं चुकली. काम देणाऱ्या इंजिनिअरनं आपला कॉम्प्युटरचा मोठा, बारीक रेघही स्वच्छ दाखवणारा फोर-के पडदा तिला वापरायला दिला आणि बजावलं, आता चूक झाली तर काम दुसऱ्याला. घरी आणून जोडला, तर आमच्या लॅपटॉपला तो पेलेचना, सगळं धूसर. नवा लॅपटॉप घ्यायची ऐपत नव्हती. जुना घ्यायचा, तर काकांशिवाय कोण?

आठ दिवस याला-त्याला विचारून काकांनी अभ्यास केला. निघताना म्हणाले, पडदा बरोबर घ्या. मी म्हटलं, काका, दुकानात असतात की पडदे. "जोडा घ्यायला जाताना पाय घरी ठेवता का?" असं म्हणून त्यांनी पडदा गोधडीत गुंडाळला, पोटाशी धरला आणि स्कूटरवर माझ्या मागं बसले. त्या दिवशी गल्लीत टँकर यायचा होता. दुष्काळात टँकर सोडून दुसऱ्याच्या कामाला येणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

क्रांती चौकाजवळचा दुकानदार एकेक चकचकीत लॅपटॉप पुढं करी आणि फोर-के चालतो म्हणून छातीवर हात ठेवी. काका आमच्या पडद्याची तार जोडायला लावत आणि माउस गरगर फिरवत. पडद्यावरचा बाण अडखळला की लॅपटॉप नापास. चित्र सेकंदाला साठ वेळा बदललं तर बाण हाताबरोबर पळतो, तीस वेळाच बदललं तर फरपटत मागून येतो, हा त्यांचा सिद्धांत. "तार बसली म्हंजे चाललं असं नाय," ते दुकानदारालाच शिकवत. काही मशीनमधली तार बसायची खाच तर नुसती चार्जिंगपुरती निघाली. बाण नीट पळाला, की ते मला पडद्याला नाक लावून बारीक अक्षरं वाचायला लावत. मला वाटलं, सरकारी खाक्या. साहेब स्वतः कुठं वाचतो? आठ मशीन नापास झाल्यावर दुकानदार म्हणाला, "चाचा, मशीन लेने आये के खोट निकालने?" आणि बिचाऱ्यानं चहाही मागवला. नववा लॅपटॉप त्यानंच मागं सरकवून ठेवला होता. कोपरा चेपलेला, झाकणाचा रंग उडालेला. तो मात्र पास झाला! मी कुरकुरलो, तर काका म्हणाले, बघायचं ते पडद्याकडं, याच्याकडं कोण बघतंय?

घरी जोडल्यावर बायकोनं नकाशा उघडला आणि तिचा चेहराच उजळला. म्हणाली, बघा ना काका, केवढी स्वच्छ रेघ!

"मला नाय दिसत पोरी," काका म्हणाले. "बारीक रेघ दिसायची बंद होऊन चार वर्षं झाली. धरणांच्या नकाशांत गेले डोळे. तुझे जाऊ देऊ नको."

मी तीन तास त्यांच्या शेजारी बसून अक्षरं वाचली होती आणि मला काही कळलं नव्हतं. लाज वाटली मला. मग काकाच म्हणाले, वाच की, काय काढलंयस. ती एकेक माप वाचू लागली. हॉल, स्वयंपाकघर, जिना अडीच फूट.

"जिना अरुंद झाला," काका म्हणाले. "पाण्याची घागर घेऊन वर कसं चढायचं माणसानं?"

तिनं जिना रुंद केला. पुढं प्रत्येक नकाशा इंजिनिअरकडं जायच्या आधी काकांना वाचून दाखवला जाई. तिचं काम टिकलं, वाढलं. आता काका नाहीत. नकाशा पुरा झाला की ती अजूनही मापं मोठ्यानं वाचते. मी समोर बसून ऐकतो, पण जिना अरुंद झालाय की नाही, ते मला काही सांगता येत नाही.