लूम बंद होते, तरी बाक हलले

रेखाताईला जाऊन आज वर्ष झालं आणि सातवीचा वर्ग अजून लूमच्या डोक्यावरच भरतो आहे.

म्हणून आज फोटोला हार घालून मी गप्प बसणार नाही.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. रेखाताई आमच्या शाळेत भूगोल शिकवायची, मी बाजूच्या वर्गात इतिहास. खाली पॉवरलूमचा कारखाना, वर आम्ही. दिवसभर बाक थरथरतात, फळा थरथरतो, डब्यातली आमटी थरथरते. नवीन शिक्षक आठवडाभर दचकतो, मग विसरतो.

ताई मूळची गणेशपुरीकडची. लहानपणी तिने आईला विचारलं होतं, कुंडातलं पाणी गरम का?

आई म्हणाली, "देवीचं हाय. गपचूप अंघोळ कर."

अंघोळ केली, पण गप्प बसली नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि पुन्हा भेगांतूनच वर येतं, हे तिने शोधून वाचलं.

"म्हणजे सर, आपल्या पायाखाली भेगा आहेत. आणि आपण वर फरशी बसवून निवांत."

निवांत हा शब्द ती शिवीसारखा वापरायची.

पृथ्वीच्या प्लेट्सचा धडा आला की ती खालच्या कारखान्यातून कोऱ्या कापडाचा तुकडा आणायची. टेबलावर पसरायची, एका टोकाला पुस्तकांचा गठ्ठा ठेवायची आणि दुसऱ्या टोकाकडून तळहाताने ढकलायची. गठ्ठ्याला अडून कापडाच्या घड्या उभ्या राहायच्या.

"हा हिमालय. अजून वाढतोय, कारण आपली जमीन अजून उत्तरेकडे सरकतेय. साधारण तुमची नखं वाढतात त्या वेगाने."

मग कापडावर मधेच बोट टेकवायची. "आणि ही आपली भिवंडी. घडी तिकडे पडते, पण ताण इकडेही येतो. एखाद्या जुन्या भेगेला तो सोसला नाही, की जमीन हलते."

एकदा भिवंडीजवळच्याच दापोड्याच्या एका मुलाने शेजारच्याला "यूपीवाला" म्हणून डिवचलं.

"तू कुठला रे?" ताईने विचारलं.

"मी इथलाच, मॅडम. दापोड्याचा."

"आणि दापोडं कुठलं?"

तो डोकं खाजवायला लागला.

"आपल्या खालचा काळा दगड लाव्हा होऊन पसरला, तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला होती. दापोडंपण बाहेरूनच आलंय. बस खाली, परप्रांतीय."

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने तो यूपीवाला.

या विषयावर मी आयुष्यभर भाषणं केली. इतकं नेमकं एकदाही बोललो नाही.

शुक्रवारी लूमला सुट्टी असते, शाळेला नसते. अशाच एका शुक्रवारी बाक हलले.

कोणी मान वर केली नाही. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, शेठने आज पण शिफ्ट चालू केली वाटतं."

"मग आवाज कुठाय?"

सगळ्यांनी कान दिला.

लूम बंद होते. थरथर चालू होती.

माझ्या दारावर थाप पडली. "सर, भाषण नंतर. पोरांना घेऊन खाली चला."

सगळे मैदानात उतरलो. जिन्याजवळ थोडा गिलावा पडला, एवढंच. धक्का हलकाच होता.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे सचिव हसत म्हणाले, "मॅडम, भिवंडीत काय हलत नाही?"

"तेच तर. जमीन हलली की दुसरीकडची पोरं पळतात. आपली पोरं शेठला नावं ठेवतात आणि गणित सोडवत बसतात. त्यांना खाली आणा. इतकी वर्षं हादरे खाल्लेली भिंत मोठा धक्का सोसेल, अशी सही देता?"

सही कोणी दिली नाही. ठराव मात्र झाला. सुरुवात म्हणून सातवीचा वर्ग मैदानाकडेच्या हॉलमध्ये हलवायचा.

मग ती आजारी पडली. हॉस्पिटलमध्ये गेलो की तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"पोरं खाली आली?"

"ताई, ठराव झालाय."

"म्हणजे वरच आहेत."

आजही वरच आहेत. हॉलमध्ये मंडपाचं सामान आहे. जमीन सरकते, हिमालय वाढतो, फक्त आमच्या संस्थेची समिती जागची हलत नाही.

शोकसभेत मी बोललो. लोकांनी डोळे पुसले, चहा घेतला, घरी गेले. आता बोलून झालं.

सोमवारी माझा पहिला तास सातवीवर आहे. तो मी मैदानात घेणार. मंगळवारचाही. हॉल रिकामा होईपर्यंत रोज. ज्यांना मला थांबवायचं आहे त्यांनी आधी त्या भिंतीखाली सही करावी.

पालकांनो, पोरांबरोबर चटया पाठवा. ताईला श्रद्धांजली वाहायची असेल तर इथे हात जोडून जाऊ नका. मंडपाचे बांबू उचलायला या.

रेखाताई, सोमवारी पोरं खाली असतील.

आता तरी निवांत राहा. शब्द तुझ्या नावडीचा आहे, माहीत आहे.