तपासून घ्या म्हणणारे मामाजी

५ ऑक्टोबर, रविवार. उद्या विहारात वर्षावासाची सांगता आहे. खिरीचे तांदूळ निवडायचं काम माझ्याकडे आलं आहे आणि ताटाशेजारी मामाजींचा फोटो पुसून ठेवला आहे. फोटो कमिटीने मागितला. विहारात लावायचा म्हणे, आणि अनावरण आत्याबाईंच्या हातून करायचं म्हणे. सचिव स्वतः दारात येऊन सांगून गेले. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खडे वेचता वेचता हा माणूस कसा होता ते नीट आठवून घेते आहे, कारण उद्या लोक भाषणाला उभे राहतील तेव्हा तो त्यात सापडणार नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे आणि आत्याबाई म्हणजे सासू; आमच्या दिग्रसकडे असंच म्हणतात. मामाजी एसटीत कंडक्टर होते. चालत्या गाडीत ते कशालाही न धरता उभे राहत. आर्णीच्या रस्त्यावर गाडी कितीही उसळो, हे पाय फाकवून, मान किंचित वाकवून, तिकिटं फाडत उभे. निवृत्त झाल्यावर विहारात ग्रंथ वाचायला उभे राहिले तेही तसेच. पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी आमच्या विहारात ग्रंथवाचन असतं. बाकीचे वाचक बसून वाचतात. मामाजी उभ्याने वाचत. बोट ओळीखालून सरकत जाई आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचे. मागे बायकांची कुजबुज सुरू झाली की पुस्तकातून डोकं न काढता म्हणत, "मागच्यानं पुढं सरका, समोर जागा हाय." सगळा विहार हसे आणि कुजबुज थांबे.

त्यांचं एक वाक्य होतं, तिकीट देतानाचं. "तपासून घ्या." गाडीतून उतरल्यावर ते वाक्य त्यांनी धम्मात आणलं. वाचन संपलं की ग्रंथ मिटून सांगत, "तपासल्याबिगर काही मानू नका. मी वाचलं म्हणून त मुळीच मानू नका." घरात अंगारा, गंडा, लिंबू काही चालत नसे. माझ्या लहान्याचा ताप उतरत नव्हता तेव्हा शेजारणीने काळा दोरा आणून दिला, तर तो त्यांनी माझ्या शिलाईच्या डब्यात टाकला. "काज-बटनाले कामी येईन," म्हणाले. खरंच आला.

विहाराची किल्ली आत्याबाईंकडे असे. त्या रोज सकाळी कुलूप उघडत, झाडत, पांढऱ्या कापडातला ग्रंथ टेबलावर मांडत. त्यांना वाचता येत नाही. लग्न झाल्यावर मामाजींनी शिकवायचं मनावर घेतलं होतं, पण ड्युटी आणि चार लेकरं यांत ते राहिलं. "तुमी वाचता ना," आत्याबाई म्हणत, "एका घरात दोन कंडक्टर कायले?"

दोन वर्षांपूर्वी, वर्षावास चालू असतानाच, मामाजींच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. हात-पाय वाकडे झाले नाहीत, तोंड फिरलं नाही, म्हणून पहिले काही तास आम्हाला कळलंही नाही. सकाळी पेपर उघडला आणि म्हणाले, "हा कोनत्या भाषेतला पेपर टाकून गेला रे?" मला वाटलं चष्मा. चष्मा पुसून दिला. मग त्यांनी पाण्याचा गडू उजवीकडे असून डावीकडेच शोधला, तेव्हा मी शिलाईचं मशीन बंद केलं आणि रिक्षा बोलावली.

यवतमाळच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढून दाखवले. डाव्या बाजूला, मागच्या भागात इजा होती. डॉक्टर म्हणाले, यांना अक्षर दिसतं, पण दिसलेलं अक्षर जिथे वाचलं जातं तिथपर्यंत ते पोचत नाही. लिहिण्याचा रस्ता वेगळा असतो, तो शाबूत आहे. मी ते माझ्यापुरतं असं समजून घेतलं की आर्णीवरून यवतमाळला जाताना लागणारा पूल वाहून गेला आहे, पण दारव्ह्यावरून गाडी सुरू आहे.

घरी आल्यावर मी तपासून पाहिलं. ब्लाउजची मापं लिहायचं पॅड पुढे केलं आणि म्हटलं, मामाजी, तुमचं नाव लिहा, गाव लिहा. त्यांनी लिहिलं, पूर्वीसारखंच वळणदार. चहा झाल्यावर तोच कागद त्यांच्यासमोर धरला.

"हे काय लिहिलं आहे?"

त्यांनी कागद जवळ नेला, लांब नेला. "मले काय माहीत? कोनाचं अक्षर हाय?"

"तुमचंच. आत्ताच लिहिलं."

"मी?" ते चिडले. "मी असं गिचमिड काढीन? नोकरीभर हिशेब लिहिला म्या!"

तिथे मला कळलं की नुसतं वाचणं गेलेलं नाही. वाचणं गेलं आहे हे कळणंही गेलं आहे. डॉक्टर तेही बोलले होते, पण तेव्हा मी गोळ्यांच्या वेळा लिहून घेत होते.

पुढच्या महिन्यांत वस्तूंचे अर्थही गळायला लागले. चार पायांचं सगळं कुत्रं झालं. दारात शेजाऱ्यांची बकरी आली की, "हे कुत्रं हाकला." कंगवा दिला तर दात घासायला न्यायचे. पण दिग्रस ते यवतमाळचे सगळे थांबे एका दमात म्हणायचे, एकही न चुकता. हातांचंही तसंच. "मामाजी, हात जोडा," म्हटलं तर हातांकडे बघत बसायचे, जणू ते दुसऱ्याचे आहेत. आणि दारातून कोणी जय भीम म्हटलं की तेच हात आपसूक जोडले जायचे. बघणाऱ्याला वाटे, म्हाताऱ्याला काही झालेलं नाही, सून उगाच बोंबलते.

दवाखान्यातून आल्यावर काही दिवसांतच ते हट्टाने विहारात गेले. उभे राहिले, कापड सोडलं, बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि थांबले. पान उलटलं. आणखी एक उलटलं. सगळे वाट बघत होते. मी पुढे होणार तेवढ्यात त्यांनी ग्रंथ मिटला आणि त्याच दणदणीत आवाजात म्हणाले, "हा आपला ग्रंथ नाही. कोनंतरी बदलला."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. पण हे मामाजी होते. आणि आमच्या लोकांना ही भीती परकी नाही. आपलं लिहिलेलं कोणी फिरवेल, मध्येच चार ओळी घुसडेल, ही धास्ती आम्ही बापजाद्यांपासून बाळगत आलो आहोत, आणि ती उगाच नाही. त्या संध्याकाळी ती धास्ती विहारभर पसरली. कोणीतरी विचारलं, किल्ली कोणाकडे असते?

मामाजींनी वळून आत्याबाईंकडे बोट दाखवलं. "हिच्यापाशी."

आत्याबाई उभ्या राहिल्या. "मले अक्षर वळखू येत नाही जी. मी कोनता ग्रंथ आनून ठेवू? सोयाबीनच्या बियाण्याचं पुस्तक?"

कोणी हसलं नाही.

सचिवांचं हार्डवेअरचं दुकान आहे. किल्ली कमिटीकडे म्हणजे स्वतःकडे असावी असं त्यांचं जुनं म्हणणं होतं, पण आत्याबाईंच्या झाडूपुढे ते चालत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते दोघा-तिघांना घेऊन आमच्या घरी आले. जय भीम म्हणाले. मामाजींनी हात जोडले. "पाहा, कसे ठणठणीत हायेत," सचिव सोबतच्यांना म्हणाले. मग मामाजींकडून तक्रार लिहून घेतली. मामाजींनी लिहिली, स्वच्छ, सुवाच्य: ग्रंथ बदलला आहे, किल्ली माझ्या पत्नीकडे असते. खाली सही.

"आता त्यांच्याकडून हेच वाचून घ्या," मी म्हटलं.

"कायले?"

"घ्या तर."

"वहिनी, ज्याले लिहिता येते त्याले वाचता येत नाही काय? आमाले काय येडं समजता?"

मी डॉक्टरांचे कागद आणले. त्यांनी ते हातात घेतले नाहीत. मी म्हटलं, मग ग्रंथ तरी उघडा. पहिल्या पानावर विहाराचा शिक्का आहे, समासात मामाजींच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, मागचा कोपरा उंदराने खाल्लेला आहे. दोन मिनिटांचं काम. तर म्हणाले, "पुराव्याले हात लावता येत नाही." ग्रंथ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला, वरून चिकटपट्टी मारली आणि विहाराच्या कपाटात ठेवला. वाचायला नवी प्रत आली. आत्याबाईंनी कनवटीची किल्ली काढून दिली. ज्या माणसाने जन्मभर तपासून घ्या म्हटलं, त्याचं न तपासता मानणारे एवढे निघाले. त्याच्या सगळ्या बोलण्यातलं हे एवढंच ऐकलं त्यांनी.

आत्याबाई त्यानंतर विहारात गेल्या नाहीत. कोणी येऊ नका म्हटलं नव्हतं, या असंही म्हटलं नाही. सकाळी उठून त्या आमचंच अंगण दोनदा झाडायच्या. मामाजींना भरवायच्या, कंगवा त्यांच्या हातून घेऊन केस विंचरून द्यायच्या, आणि ते आंघोळ झाल्यावर ताजेतवाने होऊन विचारायचे, "ग्रंथ कुठं लपवला, बोल." त्या म्हणायच्या, "खाल्ला मी. आता गिळा तुमी हा घास." माझे मिस्टर ट्रकवर असतात, ते आठवड्याने घरी आले की बापाशी भांडायचे. मी त्यांना सांगितलं, वाहून गेलेल्या पुलाशी भांडून काय उपयोग.

मी शेवटचा एक प्रयत्न केला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्यांनी वाचता येत नाही, पण तळहातावर अक्षर गिरवलं तर कधी कधी समजतं. एका दुपारी मामाजींचा हात मांडीवर घेतला आणि बोटाने एकेक अक्षर काढलं. ते डोळे मिटून, पहिलीतल्या पोरासारखे, मोठ्याने लावत गेले: ही, तुमची, बायको, आहे, चोर, नाही. पूर्ण वाक्य वाचलं त्यांनी. आत्याबाई भाजी चिरता चिरता थांबल्या होत्या.

मामाजींनी डोळे उघडले, माझ्याकडे बघून हसले आणि अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "लिहिलेलं सगळंच खरं नसते, पोरी. तपासा लागते."

आत्याबाई परत भाजी चिरू लागल्या.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दुसरा झटका मोठा होता. शेवटपर्यंत त्यांनी आत्याबाईंना चोरच मानलं. मरताना ओळखलं, हात हातात घेतला, असं काही झालं नाही. लोकांना तसं ऐकायला आवडतं, म्हणून सांगते की नाही झालं. अंत्ययात्रेला सगळं गाव होतं. सचिव बोलले, "असा डोळस माणूस होणे नाही."

तांदूळ झाले निवडून. मी आत आत्याबाईंना विचारलं, सकाळी अनावरणाला येणार का. त्या म्हणाल्या, "किल्ली देतीन काय?"

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी आठला मी फोटो पिशवीत घातला, आत्याबाईंना सोबत घेतलं आणि सचिवांच्या दुकानापुढे उभी राहिले. ते शटर वर करत होते.

"आणला फोटो? वा वा."

"किल्ली द्या," मी म्हटलं.

"अवं वहिनी, झालं गेलं. आज कायले तो विषय?"

"तुमच्या खिरीचे तांदूळ माझ्या घरी आहेत. किल्ली द्या."

दुकानापुढे गिऱ्हाईक उभं होतं, ते ऐकत होतं. त्यांनी गल्ल्यातून किल्ली काढून दिली. आत्याबाईंनी विहाराचं कुलूप उघडलं, पदर खोचला आणि आधी सगळं झाडून घेतलं. तोवर माणसं जमली. मी कपाटातला जुना ग्रंथ काढला आणि त्यावरचं प्लॅस्टिक माझ्या शिलाईच्या कात्रीने कापलं. पहिलं पान उघडून टेबलावर ठेवलं. शिक्का होता, पेन्सिलच्या खुणा होत्या, उंदराने खाल्लेला कोपरा होता. "तपासून घ्या," मी म्हटलं. काही जण आले आणि बघून गेले. सचिव आले नाहीत.

मी फोटो पिशवीतून काढू लागले तर आत्याबाईंनी माझा हात धरला. "राहू दे. त्याइले घरीच राहू दे."

"काहून, आत्याबाई?"

"इथं लावला की लोक पाया पडतीन," त्या म्हणाल्या. "मंग पुन्हा कोनी तपासनार नाही."

फोटो घरी आणला, मशीनच्या वरच्या खिळ्याला लावला आणि दोन ब्लाउज द्यायचे होते ते शिवायला बसले.